साडेचारचं देणं

रात्री पावणेआठच्या सुमाराला औरंगपुऱ्याच्या मंडईत उरलेल्या मेथीचे भाव उतरतात, पैठण गेटकडे जाणाऱ्या रिक्षांची गर्दी सरस्वती भुवनच्या अंगाला दाटते आणि वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाचं शटर अर्ध्यावर येतं. गिऱ्हाईक समजतं, दुकान बंद झालं. आम्ही वाकून आत शिरतो, कागदाच्या रिमांवर बसतो. समोर भिंतीवर टीव्ही असतो, पण आधी डोळे जातात ते काउंटरवरच्या लाँगबुकाकडे. दोनशे पानी, त्याच दुकानातलं. पानावर पट्टीने आखलेले दोन रकाने: नावे आणि जमा. दुकानदार मित्राने हिशेबाच्या वहीची सवय इथेही सोडलेली नाही, आणि बरं झालं नाही सोडली, कारण आमच्या खेळाची सगळी भाषा त्या दोन रकान्यांतून आली.

खेळ असा. प्रो कबड्डीच्या प्रत्येक सामन्याआधी जड पारड्याच्या संघाच्या नावे काही गुण लिहायचे. समजा पुण्याच्या नावे साडेचार. म्हणजे पुणे पाच किंवा अधिक गुणांनी जिंकलं तर देणं फिटलं. चारने जिंकलं, बरोबरीत सुटलं किंवा हरलं, तर देणं थकलं. दुबळ्या संघाच्या बाजूला तेच साडेचार जमा. आठ वाजायच्या आत सहा जणांनी एकेक बाजू लिहायची. एकदा शाईने लिहिलं की खोडायचं नाही. अर्धा गुण कबड्डीत कुणाला मिळत नाही, म्हणूनच तो वहीत हवा. हिशेब बरोबर सुटायला जागाच राहत नाही. दीड, अडीच, साडेतीन, साडेचार. हे आकडे मराठीत किती सहज तोंडात बसतात, ते मला या वहीमुळे कळलं.

यात पैसा नाही, पहिल्या दिवसापासून नाही. महिनाअखेरीला जो तळाला असेल त्याने पुढचा महिनाभर चहा आणायला जायचं, एवढंच.

ही रीत आमच्याकडे आली ती अमेरिकेतून. आमच्यातल्या एकाचा भाचा मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला शिकायला होता. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एका वेळी लाखाहून अधिक माणसं बसतात आणि शनिवारचे सामने म्हणजे गावाची जत्रा. भाच्याच्या खोलीतले मित्र दर आठवड्याला सामन्यांचे अंदाज लिहीत. पण तिकडच्या विद्यापीठांमध्ये ताकदीची तफावत इतकी की कोण जिंकणार हा प्रश्नच पुष्कळदा उरत नाही. म्हणून ते विचारतात, कितीने? बलाढ्य संघाच्या अंगावर आधीच गुणांचं ओझं टाकायचं आणि मग बाजू निवडायची. 1940 च्या दशकात शिकागोच्या चार्ल्स मॅकनीलने ही पद्धत रूढ केली असं मानतात. तो गणिताचा शिक्षक होता. भाचा दिवाळीला आला तेव्हा त्याने हे सगळं याच रिमांवर बसून सांगितलं. आम्हाला त्यात परकं काही वाटलं नाही. लहानपणी आपण धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू करून खेळात घेतच होतो. कॅरमला नवशिक्या बसला की पाच गुणांची सूट देऊनच पहिला स्ट्रायकर मारायचा.

क्रिकेटवर हे करून पाहिलं, जमलं नाही. कधी धावांनी जिंकतात, कधी गडी राखून. दोन्ही एका मापात बसत नाहीत. कबड्डी मात्र जणू याचसाठी जन्मली आहे. चाळीस मिनिटं, गुणांमागे गुण, आणि शेवटी एक वजाबाकी.

ती वजाबाकी आधीच करणारा माणूस म्हणजे आमचे सर. निवृत्त क्रीडाशिक्षक, ऐन उमेदीत मातीवर खेळलेले, नंतर बरीच वर्षं पंच. नावे किती लिहायचे हे तेच ठरवतात, म्हणून स्वतः बाजू निवडत नाहीत. त्यांचं काम मी गेली काही वर्षं जवळून पाहतो आहे, आणि इतकं एकाग्र काम मी फार थोड्या माणसांना करताना पाहिलं आहे.

दुपारी जेवण झालं की ते पाठकोऱ्या कागदावर दोन्ही संघांचे सात-सात खेळाडू मांडतात, मैदानात उभे राहतात तसे. दोन कोपरे, त्यांच्या आतल्या बाजूचे, मग मधला. सगळे चढाईपटूंची नावं घेतात, सर सुरुवात कोपऱ्यांपासून करतात. त्यांचं म्हणणं, सामना कोण जिंकणार ते चढाईपटू सांगतो, पण कितीने ते कोपरा सांगतो. डावा कोपरा फझल अत्राचलीसारखा असेल तर समोरचा चढाईपटू त्या बाजूला पाय टाकताना दोनदा विचार करतो, आणि त्या विचारात तीस सेकंदांतली दहा निघून जातात. रिकाम्या चढाया वाढल्या की गुण आटतात. गुण आटले की फरक आकसतो. अशा सामन्यात सर साडेपाच कधीच लिहिणार नाहीत.

मग येतो लोणाचा हिशेब. सगळा संघ बाद झाला की समोरच्याला दोन गुण जादा, हे नियमात लिहिलेलं. पण सर सांगतात, लोण दोनचं नसतं. ते चढायच्या आधी संघ तीनवर येतो, दोनवर येतो, चढाईला पाठवायला मनासारखा माणूस उरत नाही, आणि चार-पाच मिनिटांत फरक आठ-नऊवर जातो. याला उतारा एकच, अव्वल पकड. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण. म्हणून सर दुबळ्या संघाबद्दल विचारतात, ‘तिघांत पकड करायची यांची हिंमत आहे का?’ हिंमत असलेला संघ हरतो, पण थोडक्यात हरतो. त्याच्या खाती जमेला चार पुरतात. हिंमत नसलेल्याला आठही कमीच.

आमच्या वहीची सगळ्यात रंगतदार पानं ‘सातच्या आत’ची आहेत. अकराव्या हंगामापर्यंत नियम असा होता: जिंकणाऱ्याला गुणतक्त्यात पाच, बरोबरीला तीन-तीन, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरणाऱ्याला एक. त्या एका गुणापायी सामन्याची शेवटची तीन मिनिटं वेगळीच व्हायची. नऊने मागे पडलेला संघ जिंकायचं सोडून दोन गुण मिळवायच्या मागे लागे, आणि फरक सातवर आला की अंग आक्रसून घेई. चढाई करायची, मध्यरेषेजवळ रेंगाळायचं, परत यायचं. जिंकणाऱ्याचं पोट भरलेलं, हरणाऱ्याचा घास हातात, दोघंही शांत. टीव्हीवरचा निवेदक म्हणे सामना संपल्यात जमा आहे, आणि आमच्या दुकानात मात्र त्याच वेळी सगळे उभे. साडेसहा नावे असले तर एकेका बोनसवर श्वास अडके. घरोघरी मुलींना दिलेली ताकीद आमच्याकडे आरोळी झाली, ‘सातच्या आत घरात!’

अमेरिकेतही असे आकडे आहेत, असं भाचा सांगत होता. त्यांच्याकडे मैदानी गोल तीनचा, टचडाउन आणि वरची किक मिळून सात, म्हणून तीन आणि सात हे फरक पुन्हा पुन्हा येतात आणि अडीच की साडेतीन यावर मित्रांचे वाद रात्रभर चालतात. आमचा सात मात्र खेळाच्या अंगातून आला नव्हता, गुणतक्त्याच्या नियमातून आला होता. म्हणून नियम बदलला तसा तो गेला. 2025 च्या बाराव्या हंगामात जिंकल्याला दोन, हरल्याला शून्य, आणि साखळीतली बरोबरी फोडायला पाच-पाच चढायांचा टायब्रेकर. सर पहिला आठवडा अस्वस्थ होते. हरणाऱ्याला राखायला काही उरलं नाही, म्हणजे तो शेवटपर्यंत झोकून देणार. झोकून देणारा एक तर बरोबरी साधतो नाही तर आणखी चारने बुडतो. फरकाचा मधला भाग विरळ झाला. टायब्रेकरचे गुण फरकात धरायचे का, यावर तर आमच्यात दोन दिवस वाद. शेवटी ठरलं, चाळीस मिनिटांचा आकडा खरा. बरोबरी म्हणजे शून्य.

हा हंगाम 29 ऑगस्टला सुरू झाला, गणपती बसून दोनच दिवस झाले होते. त्याच महिन्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेत मंजूर झाला. आमच्यातला एक वाळूजच्या कारखान्यात यंत्रावर काम करतो. मोबाइलवर संघ लावण्याच्या नादात त्याचे काही महिन्यांचे पगार गेले होते, बायकोच्या पाटल्याही. त्याच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. तो आमच्या वहीत आला तेव्हा पहिले काही दिवस नुसता बसून असे. आता सरांच्या खालोखाल बारीक नजर त्याची आहे. तो म्हणाला होता, ‘मोबाइलवर मी सामना बघतच नव्हतो, माझा आकडा बघत होतो.’ ते वाक्य मी विसरलेलो नाही. वही त्याला सामन्याकडे परत घेऊन आली, यापलीकडे तिच्यासाठी मला दुसरी साक्ष नको.

सरांच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग अजून सांगायचा राहिला. ते दोन आकडे काढतात. एक सामन्याचा, तो चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतात. दुसरा वहीचा. वहीतल्या आकड्याचं यश एकाच गोष्टीत: सहांतले तीन इकडे, तीन तिकडे पडले पाहिजेत. सहाही जण एका बाजूला गेले तर तो दिवस सरांच्या दृष्टीने वाया, मग निकाल काहीही लागो. म्हणजे त्यांना दोन संघांबरोबर आम्हा सहा जणांनाही तोलावं लागतं. मंडईत अडत असलेला मित्र चार हरलेले सामने लगेच विसरतो. दुकानदार कालचा निकाल आज धरून बसतो. आणि पुण्याचा सामना असला की सगळ्यांचंच काळीज तिकडे झुकतं. अस्लम इनामदारच्या पुण्याने 1 मार्च 2024 ला हरयाणाला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून तर फारच. म्हणून पुण्याच्या नावे सर एक-दोन गुण जास्तच लिहितात. ते ओझं आमच्या मायेचं.

कधी कधी कुठलाच आकडा पुरत नाही. 23 ऑक्टोबर 2017 चा पाटणा-हरयाणा सामना सर अजून काढतात. परदीप नरवालने एकट्याने चढायांत 34 गुण घेतले आणि निकाल लागला 69-30. एकोणचाळीसचा फरक! त्या दिवशी नावे किती लिहायला हवे होते, असं कुणी विचारलं की सर हात जोडतात.

31 ऑक्टोबर 2025, शुक्रवार. दिल्लीत अंतिम सामना, पुणे आणि दबंग दिल्ली. पहिल्या क्वालिफायरला हेच दोघे चाळीस मिनिटांनंतर 34-34 वर उभे होते आणि टायब्रेकरने दिल्लीला आधी अंतिम फेरीत नेलं होतं. सर नेहमीपेक्षा उशिरा आले. वहीत त्यांनी लिहिलं: पुण्याच्या नावे दीड. अडतवाला म्हणाला, ‘अहो सर, फक्त दीड?’ आणि त्याने ठसठशीत अक्षरात पुणे लिहिलं. दुकानदाराने पुणे, मीही पुणे. वाळूजवाला बराच वेळ पेन धरून बसला. मग त्याने दिल्ली लिहिलं. त्याच्यामागून आणखी दोघांनी. तीन-तीन. सरांनी चष्मा काढून पुसला.

मध्यंतराला दिल्ली पुढे होती. नंतर पुणे एकेका गुणाने चिकटत आलं. आत कुणी बोलत नव्हतं, चहाचे ग्लास तसेच भरलेले. शिट्टी झाली तेव्हा 31-28. दिल्ली तीनने. बाजू बरोबर लिहिलेले तिघेही गप्प बसून होते. मनाने तेही पुण्याचेच.

दुकानदाराने लाल पेनाने पुण्याच्या रकान्यात ‘थकलं’ लिहिलं आणि हंगामाच्या बेरजेखाली दुहेरी रेघ ओढली. वाळूजवाल्याने हात पुढे केला, ‘सर, चिठ्ठी.’ सरांनी खिशातून घडी काढून दिली. दिल्लीच्या नावे अडीच. अडतवाल्याने ती हातात घेऊन दिव्याखाली धरली, पुन्हा वाचली.

‘शेवटची तीन मिनिटं परत लाव,’ सर दुकानदाराला म्हणाले. ‘तीसची एक धरली तर सहा चढाया बसतात. झाल्या किती, ते मोजू.’

दुकानदाराने रिमोट उचलला. वाळूजवाल्याने पाठकोरा कागद ओढून त्यावर दोन रकाने पाडले.