फ्लेवर्ड पीनट बटर घरी: पाणी सोडून काहीही घाला

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले पंधरा-वीस ‘म्हणजे’ गाळलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा भाग थेट स्वयंपाकघरातून. जिमला जाणाऱ्या, पीजीत राहणाऱ्या आणि सकाळी पोळीला काहीतरी फासून लोकल पकडणाऱ्या सगळ्यांसाठी. विषय आहे घरचं पीनट बटर, तेही फ्लेवरवालं.

सुरुवात एका कोड्याने करू. मस्त पातळ झालेल्या पीनट बटरमध्ये कोको पावडर घातली तर काही बिघडत नाही. पण मध घातला की तेच बटर आवळून घट्ट गोळा होतं. असं का? याचं उत्तर एकदा कळलं की रेसिपी शोधत बसावं लागत नाही, फ्लेवर तुमचे तुम्हीच बनवू शकता.

आत नेमकं काय चालतं?

शेंगदाण्यात जवळपास निम्मं वजन तेलाचं असतं आणि पाव हिस्सा प्रोटीनचा. तेल दाण्याच्या पेशींमध्ये बारीक थेंबांच्या रूपात बंद असतं. मिक्सर त्या पेशी फोडतो. आधी कूट होतं, मग तेल सुटायला लागून लाडूसारखा गोळा होतो आणि मग तो गोळा मोडून चकचकीत, ओघळणारं बटर तयार होतं. म्हणजे पीनट बटर हे मुळात तेल आहे आणि त्यात दाण्याचे अतिबारीक कण तरंगतायत.

या कणांमधल्या प्रोटीनला आणि साखरेला पाणी आवडतं. थोडंसं पाणी आत गेलं की कण ते शोषून एकमेकांना चिकटतात आणि तेल बाजूला पडतं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडल्यावर होतं, तेच. आता मध बघा: त्यात साधारण 17-18 टक्के पाणी असतं. कोड्याचं उत्तर मिळालं ना?

म्हणून नियम एकच: फ्लेवर कोरडा हवा, नाहीतर तेलातला हवा. मधाऐवजी गूळ पावडर किंवा पिठीसाखर, ताज्या फळाऐवजी सुकवलेल्या फळाची पावडर, ओल्या नारळाऐवजी सुकं खोबरं. आणि हो, आई रात्री भिजत घालते ते बदाम बटरसाठी चालणार नाहीत.

आधी दाणे निवडा, ही पायरी गाळू नका

नुसते दाणे खाताना एखादा खवट, कडू दाणा तोंडात आला की आपण थुंकून टाकतो. बटरमध्ये ती सोय नाही. एक वाईट दाणा अख्ख्या बरणीत मिसळतो आणि कोको, तिखटाखाली त्याची चवही झाकली जाते.

प्रश्न फक्त चवीचा नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी दगावले. कारण निघालं त्यांच्या खाद्यातली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते वारंवार पोटात गेलं तर माणसाला यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. आणि भाजल्यामुळे ते पूर्ण नष्ट होत नाही. त्यामुळे दाणे ताटात पसरा आणि काळपट, हिरवट, सुरकुतलेले, फुटके, बुरशी दिसणारे सगळे फेकून द्या. पावसाळ्यात सुटे, सादळलेले दाणे घेऊच नका.

बेस: 250 ग्रॅम दाणे

जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, सतत हलवत 12-15 मिनिटं भाजा. साल चोळल्यावर सुटलं आणि दाणा आतून फिकट बदामी दिसला की गॅस बंद करून लगेच ताटात काढा, कारण गरम कढईत तो भाजत राहतो. सालं पाखडून टाका आणि दाणे कोमट असतानाच चटणीच्या भांड्यात घ्या. कोमट दाण्याचं तेल लवकर सुटतं.

भांडं पूर्ण कोरडं हवं. एक मिनिट फिरवा, एक-दोन मिनिटं थांबा, कडेचं खरवडून परत फिरवा. असं सात-आठ वेळा. गोळा होतो त्या टप्प्यावर बरेच जण कंटाळून पाणी घालतात. नेमकं तिथेच धीर धरा, फार तर एक चमचा शेंगदाणा तेल घाला. मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरू नका, मोटर तापल्यामुळे सेफ्टी स्विच उडालाय. ती थंड होऊ द्या, मग बहुतेक मिक्सरच्या तळाशी असणारं लाल बटण दाबा.

तीन फ्लेवर

कोको-गूळ: बेसमध्ये दोन मोठे चमचे कोको, तीन मोठे चमचे गूळ पावडर, चिमूटभर मीठ. कोरड्या पावडरीमुळे बटर घट्ट होतं, म्हणून एक चमचा तेल.

सोलापुरी: सोलापूरची शेंगदाणा चटणी तेल सुटेपर्यंत कुटतात, म्हणजे ती या बटरची जवळची नातेवाईकच. दहा-बारा लसूण पाकळ्यांचे पातळ काप तेलात मंद आचेवर कुरकुरीत तळा आणि निथळून घ्या. त्यात दीड चमचा लाल तिखट, अर्धा चमचा भाजलेलं जिरं, मीठ. लसूण ओला ठेवू नका. तेलात बुडालेल्या ओल्या लसणाला हवा लागत नाही आणि अशा जागी बोटुलिझमचे जीवाणू वाढू शकतात. भाकरीबरोबर हे एक नंबर लागतं!

काजू-खोबरं-वेलची: इथे दाण्यांऐवजी 250 ग्रॅम काजू तुकडा घ्या. अख्ख्या काजूपेक्षा स्वस्त पडतो आणि दळायचंच तर आकार कोण बघतो? हलकं भाजा, 50 ग्रॅम परतलेला सुक्या खोबऱ्याचा कीस, अर्धा चमचा वेलची पूड आणि पिठीसाखर घाला.

चव घेताना एक गंमत लक्षात ठेवा. मीठ आणि साखर तेलात विरघळत नाहीत, म्हणून ती बारीकच हवीत, नाहीतर दाताखाली कचकच लागेल. याउलट तिखट, वेलची, दालचिनी यांचा स्वाद तेलात हळूहळू उतरतो. दुसऱ्या दिवशी चव वाढलेली असते. म्हणून मसाला आज कमी घाला, उद्या चाखून ठरवा.

बिघडलं तर, आणि टिकवायचं कसं

मधामुळे गोळा झाला? फेकू नका, लाडू वळा. किंवा थोडं थोडं गरम पाणी घालत फेटा, ते पुन्हा मऊ होईल. पण मग ते डिप झालं, त्याच दिवशी संपवायचं.

एरवी कोरड्या काचेच्या बरणीत, कोरडा चमचा वापरून, फ्रिजमध्ये दोनेक महिने आरामात टिकतं. वर तेल आलं तर ते बिघडलेलं नाही, ढवळून घ्या. विकतच्या बऱ्याच बरण्यांत तेल वर येऊ नये म्हणून हायड्रोजनेटेड तेल घालतात, आपण घातलेलं नाही, एवढाच फरक. मात्र जुन्या तेलासारखा खवट वास आला तर टाकून द्या.

आणि मित्राला बरणी भेट देणार असाल तर वर चिठ्ठी लावा: आत शेंगदाणे आहेत की काजू. काहींना त्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

तर मंडळी, चौथा फ्लेवर आता तुम्ही बनवायचा. कोरडा आहे का, एवढं तपासा आणि घाला. काय घातलंत ते व्हॉइस नोटवर नक्की सांगा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!