असं का होतं? : टोकाचा बल्ब मिणमिणतो तेव्हा

रब्बीत विहिरींवरचे पंप सुरू झाले, की डीपीशेजारचा (गावातल्या ट्रान्सफॉर्मरजवळचा) बल्ब लख्ख आणि गावाच्या टोकाचा मिणमिणता. वीज तीच, मग हा भेदभाव का?

वाटेत दहा जणांनी तोट्या सोडल्या, की शेवटच्या नळाची धार बारीक होते. तारेतही प्रवाह वाढला, की दाब वाटेतच खर्ची पडतो. २३० व्होल्टचे टोकाला १८० उरले तरी नवल नाही.

उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरला 'टॅप' असतात. गुंडाळीचे वेढे कमी-जास्त करून, पुरवठा न तोडता व्होल्टेज चढवता येतं. डीपीला टॅप असलाच, तर तो वीज बंद करून हातानेच फिरवायचा. आणि पंप थांबले, की तेच चढवलेलं व्होल्टेज टीव्हीच्या जिवावर!

त्यापेक्षा पंपाचा कपॅसिटर बरा. मोटारीला चुंबकत्वासाठी लागणारा प्रवाह तो जागेवरच पुरवतो, तारेवरचा भार हलका होतो. काहीजण तो काढून ठेवतात. कृपा करून काढू नका.