“फोटो वापरू का? क्रेडिट देतो!” याला उत्तर काय द्यायचं?

मे संपत आला की आपल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या आसपास काजवे चमकायला लागतात. तुम्ही ट्रायपॉड लावून रात्र जागता, फोटो इन्स्टावर टाकता आणि दोन दिवसांत एखाद्या रिसॉर्टचा मेसेज येतो, “भाऊ, कडक फोटो! जाहिरातीत वापरू का? क्रेडिट देतो.” आता पैसे किती सांगायचे? आजचा भाग त्यावरच.

आधी बघू, फोटो कोणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही स्वतःहून काढलेला फोटो तुमचा. नोंदणीची सक्ती नाही. इन्स्टावर टाकला म्हणून रिसॉर्टला तो फुकट वापरायचा हक्क मिळत नाही.

पण एक गोम आहे. त्याच रिसॉर्टने पैसे ठरवून तुम्हाला फोटो काढायला बोलावलं, तर? वेगळा करार नसेल तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक रिसॉर्ट! म्हणून ऑर्डरचं काम असेल तर कॉपीराइट कोणाकडे राहणार, हे शूटच्या आधीच लिहून घ्या.

आता दर. मी याकडे शेत खंडाने देण्यासारखं बघतो. मालकी आपली, वापर त्यांचा, तोही ठरल्यापुरता. चार प्रश्न विचारायचे: कुठे वापरणार? किती दिवस? कोणत्या भागात? फक्त तुम्हालाच हवा का?

समजा पेट्रोल, मुक्काम, रात्रीची मेहनत आणि एडिटिंग धरून तुमचा हिशेब ४,००० रुपये झाला. रिसॉर्टच्या इन्स्टा पेज आणि वेबसाइटसाठी एक वर्ष वापर – ४,००० सांगा. पुणे-नाशिक हायवेवर होर्डिंगही लावायचंय? ८,००० सांगा. वर्षभर दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही म्हणतात? मग आणखी ८,०००, कारण त्या वर्षाची बाकीची गिऱ्हाइकं तुम्ही सोडताय. हे आकडे बाजारभाव म्हणून घेऊ नका, रीत लक्षात ठेवा.

ठरलेलं सगळं लेखी हवं. कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत! एका वर्षाच्या पैशात पाच वर्षं गेली की राव.

उत्तर असं पाठवा: “धन्यवाद सर. हा फोटो तुमच्या इन्स्टा पेज आणि वेबसाइटवर १ वर्ष, महाराष्ट्रातल्या जाहिरातीसाठी वापरता येईल. शुल्क ४,००० रुपये, आधी. फोटोखाली माझं नाव हवं. कॉपीराइट माझ्याकडे राहील. छपाई किंवा होर्डिंगसाठी वेगळं ठरवू.” त्यांनी होकार दिला की हाच मजकूर कागदावर घेऊन दोघांनी सह्या करा.

दोन गोष्टी विसरू नका. फोटोत ओळखू येणारा माणूस असेल तर जाहिरातीसाठी त्याची लेखी संमती घ्या. आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात व्यावसायिक शूट असेल तर वनविभागाला आधी विचारा.

राहिलं क्रेडिट. ते जरूर घ्या, पण पैशांसोबत. क्रेडिटवर पेट्रोल मिळत नाही!

असा मेसेज आलेला एखादा मित्र असेल तर त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात.