गुन्हा मागे घेतला, म्हणजे नेमके काय झाले?

 म्हाळुंग्याहून एका कामगाराचे पत्र आले आहे आणि त्याला थांबायला वेळ नाही. 30 जुलै 2018 रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला जाळपोळ झाली. त्या गुन्ह्यात त्याच्या धाकट्या भावाचे नाव आहे. आता कंपनीत भावाला पर्मनंट करायचे चालले आहे आणि चारित्र्य पडताळणीचा फॉर्म पुढ्यात आलाय. "सरकारने आंदोलनाचे गुन्हे मागे घेतले ना? मग 'केस नाही' असं लिहिलं तर चालेल का?"

नाही चालणार. मंत्रालयातून शासन निर्णय निघाला म्हणून खेडच्या न्यायालयातला खटला संपत नाही. सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अर्ज द्यायचा आणि न्यायालयाने संमती द्यायची, तेव्हाच तो मागे घेतला जातो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 321 होते, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत ते 360 झाले. (जुने 360 परिवीक्षेचे होते, पुस्तके चाळताना सांभाळा.)

संमती कधी मिळते? जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरचा बडोदा डायनामाइट खटला 1977 मध्ये मागे घेतला गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये ते योग्य ठरवले. राजकीय चळवळीतून उठलेले खटले सार्वजनिक शांततेसाठी मागे घेता येतात, हे त्या निकालाने मान्य केले. उलट 2015 मध्ये केरळच्या विधानसभेत अर्थसंकल्पाच्या दिवशी आमदारांनी माइक आणि फर्निचर फोडले. तो खटला मागे घ्यायला 2021 मध्ये त्याच न्यायालयाने ठाम नकार दिला. म्हणजे सरकार कितीही अनुकूल असले तरी नकार मिळू शकतो. चाकणच्या पोरांनी हे लक्षात ठेवावे, नेत्यांच्या भाषणांवर विसंबू नये.

संमती मिळाली तरी ती कोणत्या टप्प्यावर मिळाली हे बघा. आरोप निश्चित होण्याआधी मिळाली तर आरोपी फक्त आरोपमुक्त होतो. नंतर मिळाली तर निर्दोष सुटतो, आणि त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. दुसरे मला कितीतरी जास्त मोलाचे वाटते.

आता फॉर्म. प्रलंबित गुन्हा विचारला असेल तर खरे लिहा. सरकारी नोकऱ्यांबाबत अवतार सिंग खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माहिती दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते. मात्र तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा असेल, तर मालकाला ते दडवणेही नजरेआड करता येते. जाळपोळीचा आरोप या किरकोळात बसत नाही. शिवाय खासगी कंपनी आपल्या नियमाने चालते. तरीही आपल्या तोंडून आधी कळलेली केस आणि पडताळणीत सापडलेली केस यांत फार अंतर असते.

संमतीचा आदेश झाल्यावर न्यायालयाच्या नक्कल विभागातून प्रमाणित प्रत घ्या. घटना घडली तेव्हा चाकण पुणे ग्रामीण पोलिसांकडे होते. चाकण ज्यात गेले ते पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय 15 ऑगस्ट 2018 ला सुरू झाले, म्हणजे अवघ्या पंधरवड्याने. नोंद जुन्या हद्दीतली आणि चारित्र्याचा दाखला नव्या आयुक्तालयाचा, अशी स्थिती आहे. म्हणून प्रत घेऊन स्वतः चाकण पोलीस ठाण्यात जा, आदेशाची नोंद करण्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.