राज्य सोडून विद्येकडे: मराठी अद्भुतातला राजपुत्र

राजघराण्यातला वारस घर सोडतो, जादूची विद्या जाणणाऱ्या गुरूच्या शोधात निघतो, हालअपेष्टा सोसून ती विद्या मिळवतो. जगभरच्या अद्भुत कादंबऱ्यांतलं हे लाडकं कथासूत्र आहे. उर्सुला ले ग्विन यांच्या 1972 सालच्या 'द फार्दस्ट शोअर' या कादंबरीत आरेन हा राजपुत्र महाजादूगार गेडकडे येतो, त्याच्यासोबत मृत्यूच्या प्रदेशापर्यंत जातो आणि परत येतो तो राजा व्हायलाच. गेडची जादू मात्र या प्रवासात खर्ची पडते. पाश्चात्त्य परंपरेत बहुतेक वेळा असंच घडतं. प्रशिक्षण ही सिंहासनाकडे नेणारी वाट असते आणि वारस शेवटी आपल्या जागी बसतो. मराठीत अशी कादंबरी नाही, अशी तक्रार हल्ली वाचक करतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. विद्या शोधणाऱ्या राजपुत्राची कथा मराठीत दोनशे वर्षांहून जास्त काळ घरोघरी वाचली जाते, फक्त आपण तिला कादंबरीच्या कपाटात कधी ठेवलं नाही. ती 'नवनाथ भक्तिसार' या पोथीत आहे, आणि तिथला राजपुत्र आरेनच्या नेमका उलट चालतो. विद्या मिळवण्याची किंमत म्हणून तो राज्य देऊन टाकतो.

धुंडिसुत मालू नरहरीने ही चाळीस अध्यायांची ओवीबद्ध पोथी शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली पूर्ण केली. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांपुढे शरणागती पत्करली होती. मराठी माणसाचं राज्य जाऊन वर्षही उलटलं नाही तोच राज्य सोडणाऱ्या राजांचा हा ग्रंथ पुरा व्हावा, यातून कार्यकारणाचा सिद्धान्त काढणं घाईचं होईल. पण हे साल लक्षात ठेवून पोथी वाचली की तिचा स्वर निराळा लागतो. जालंदरनाथाचीच कथा पाहा. हस्तिनापूरच्या बृहद्रवा राजाच्या यज्ञकुंडात एक बालक सापडतं. राजा त्याला पुत्र मानून वाढवतो. वयात आल्यावर लग्नाची बोलणी सुरू होतात तेव्हा हा राजकुमार राजवाडा टाकून रानात निघून जातो. रानात वणवा पेटतो. त्यातून प्रकटलेला अग्नी त्याला ओळखतो आणि थेट दत्तात्रेयाच्या हवाली करतो. पुढची बारा वर्षं शिकण्याची. आजच्या कुठल्याही अद्भुत कादंबरीची पहिली शंभर पानं यात आहेत: गूढ जन्म, नको असलेलं राजपद, पलायन, मार्गदर्शक आणि गुरुकुल. फरक शेवटच्या पानांत आहे. जालंदर राजा म्हणून हस्तिनापूरला परतत नाही, आणि तो परतावा असं वाचकालाही वाटत नाही.

गोपीचंदाची कथा याहून कडवी आहे, कारण त्याच्याकडे सोडण्यासारखं खरोखर पुष्कळ आहे आणि ते सोडायची त्याची तयारी नाही. बंगालचा हा तरुण राजा राणीच्या सांगण्याला भुलून जालंदरनाथाला खड्ड्यात पुरतो आणि वर घोड्यांची लीद टाकतो. मैनावती, त्याची आई, जालंदराची शिष्या आहे, आणि आपला गुरू कुठे आहे हे तिला ठाऊक नाही. पुढे सत्य बाहेर येतं तेव्हा जालंदराचा शिष्य कानिफा एक युक्ती योजतो. गोपीचंदाचे धातूंचे पुतळे करून खड्ड्यावर उभे केले जातात. आतून जालंदर विचारतो, कोण आला आहे? गोपीचंदाचं नाव सांगितलं जातं आणि जालंदराच्या कोपाने एकेक पुतळा भस्म होतो. सगळे पुतळे जळून गेल्यावर जिवंत गोपीचंद पुढे होतो. या प्रसंगाची रचना मला विलक्षण वाटते. गुरूचा अपराध करणारा राजा आधी आपल्याच प्रतिमा जळताना पाहतो, मग दीक्षा घेतो. भर्तृहरीचा प्रसंगही याच जातीचा. आपल्या राणीच्या, पिंगलेच्या, चितेपाशी वर्षानुवर्षं बसून राहिलेल्या या राजासमोर गोरक्षनाथ आपलं भांडं फोडतो आणि त्यासाठी रडू लागतो. राजा म्हणतो, तुला हवी तेवढी भांडी देतो. गोरक्ष म्हणतो, मग मीही हव्या तेवढ्या पिंगला देतो, आणि खरोखर उभ्या करतो. एकसारख्या असंख्य पिंगला पाहिल्यावरच राजाचा शोक सुटतो. जादूने हवी ती वस्तू मिळते आणि मिळाल्याबरोबर तिची हाव संपते, ही कल्पना कोणत्याही भाषेतल्या अद्भुत कथेने अभिमानाने मिरवावी अशी आहे.

माझ्या मुद्द्याचा सर्वांत ठोस पुरावा मात्र चौरंगीनाथाचा आहे, कारण त्याची कथा दोन काळांत मोजून पाहता येते. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी, अठराव्या अध्यायात, ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा सांगतात. तिथे सप्तशृंगावर हातपाय तुटलेला चौरंगी गोरक्षाच्या गुरूला, मत्स्येंद्राला, भेटतो आणि भेटताक्षणी पूर्ण होतो. एका ओवीत काम संपतं. पाचशे वर्षांनंतर मालू तीच घटना सांगतो तेव्हा चौरंगी हा राजपुत्र झालेला आहे. सावत्र आईच्या खोट्या आरोपावरून बापानेच त्याचे हातपाय तोडवले आहेत. गोरक्ष त्याला बदरिकाश्रमातल्या गुहेत बसवतो. डोक्यावर एक शिळा आहे. तिच्यावरची नजर हलली की ती कोसळेल. चामुंडेने रोज फळं आणून ठेवावीत अशी सोय केली आहे, पण फळांकडे बघायचं तर नजर हलणार. फळांचा ढीग वाढत जातो, चौरंगीभोवती वारूळ चढतं, आणि बारा वर्षांनी गोरक्ष परततो तेव्हा त्याला नवे हातपाय फुटलेले असतात. ज्ञानेश्वरीत चमत्कार भेटीने घडतो, पोथीत तो अभ्यासाने घडतो. मधल्या पाच शतकांत मराठी कल्पनेने या कथेत जी भर घातली ती प्रशिक्षणाची आहे, आणि अद्भुत कादंबरीचा खरा ऐवज तोच असतो.

ही पोथी आजच्या पिंपरी-चाकण पट्ट्यातही जिवंत आहे. ज्ञानदेवांची समाधी आळंदीत, खेड तालुक्यात, आणि चाकणही त्याच तालुक्यात. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठीच्या दशकात टेल्को आली, भोसरीची औद्योगिक वसाहत वाढली, आणि पुढे चाकणला मोटारींचे कारखाने उभे राहिले. या पट्ट्यात बीड, अहिल्यानगर, सोलापूर, लातूरकडून माणसं कामाला आली. नाथांची ठाणी याच भागांत आहेत. कानिफनाथांची मढी पाथर्डी तालुक्यात आहे, गहिनीनाथ आणि जालंदरनाथ यांची स्थानं बीडकडे. श्रावणात नवनाथांचं पारायण लावणारं घर भोसरी, मोशी, चिखलीच्या चाळींत आणि सोसायट्यांत सहज सापडतं. म्हणून मी ही पोथी या पट्ट्याचं साहित्य मानतो. याला आणखी एक कारण आहे. हा पट्टा शिकाऊ माणसांचा आहे. 1961 च्या प्रशिक्षणार्थी कायद्याखाली इथे पिढ्यान् पिढ्या फिटर, टर्नर, मशिनिस्ट घडले. आयटीआयच्या पहिल्या वर्षी फिटरच्या हातात कानस देतात आणि लोखंडाचा तुकडा सपाट करायला सांगतात. गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस चालवायची, आणि हे आठवडेच्या आठवडे. शिळेकडे पाहत बसलेला चौरंगी ज्याने असं काम केलं आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही. विद्या म्हणजे एकाच गोष्टीकडे न कंटाळता पाहत राहणं, हे त्याच्या हातांना माहीत असतं.

मग ही कथा मराठी कादंबरीत का आली नाही? खरं तर सुरुवात अद्भुतानेच झाली होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 ची. राजे, राजकन्या, वियोग, योगायोग आणि आकाशातून जाणारी विमानं या कादंबऱ्यांत होती, वाचकही होते. 1872 मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल, म्हणजे कादंबरी, आणि नाटक या विषयावरच्या निबंधात असल्या असंभाव्य रचनेला धारेवर धरलं. पुढे हरिभाऊ आपटे आले आणि मराठी कादंबरी घरातल्या दुःखाकडे वळली. हे वळण आवश्यक होतं, त्याशिवाय 'पण लक्षात कोण घेतो' घडली नसती. मराठे यांची टीकाही बरीचशी रास्त होती, कारण त्या कादंबऱ्यांतलं अद्भुत सजावटीचं होतं. नायकाला संकटातून सोडवायला विमान येतं, पण विमान चालवायला शिकताना नायकाचं काय झालं हे कुणी लिहिलेलं नाही. चूक झाली ती निवाडा सरसकट लावण्यात. सजावटीच्या अद्भुताबरोबर साधनेचं अद्भुतही बाहेर गेलं, आणि गोरक्ष, गोपीचंद भक्तीच्या आणि रंगमंचाच्या खात्यात जमा झाले. विष्णुदास भाव्यांनी 1850 च्या दशकात 'राजा गोपीचंद' रंगमंचावर आणलं, प्रभातने 1932 मध्ये 'माया मच्छिंद्र' पडद्यावर आणला. कादंबरीकारांनी तिकडे पाहिलं नाही. 1913 च्या 'वीरधवल'मध्ये नाथमाधवांनी अद्भुतरम्यता परत आणली, पण तिचा भर रहस्यावर होता. नारायण धारपांच्या समर्थ-कथांत गुरुशिष्य आहेत, तिथेही कथा सुरू होते तेव्हा गुरू सिद्धच असतो. जी. ए. कुलकर्णी यांनी 'काजळमाया' आणि 'रमलखुणा'मधल्या दीर्घकथांत अद्भुताला गंभीर साहित्याची प्रतिष्ठा मिळवून दिली, हे त्यांचं ऋण मोठं आहे. पण त्यांचे प्रवासी शिकत नाहीत, ते नियतीला सामोरे जातात.

यावर पहिला आक्षेप येईल की पोथी ही कादंबरी नव्हे. तिच्यात फलश्रुती आहे, कोणत्या अध्यायाने कोणतं संकट टळतं याची यादी आहे, आणि पात्रांना मन असं फारसं नाही. हे मान्य केलंच पाहिजे. कानिफा आणि गोरक्ष यांच्या आंब्यांच्या प्रसंगात फळं मंत्राने झाडावरून उतरतात. उरलेली पुन्हा देठाला लावण्याची गोष्ट निघते तेव्हा कानिफा ते अशक्य म्हणतो आणि गोरक्ष करून दाखवतो. अहंकार मोडण्याचा हा सुंदर प्रसंग आहे, पण हरलेल्या कानिफाला त्या रात्री काय वाटलं हे मालू सांगत नाही. ते सांगणं कादंबरीचं काम आहे. टॉल्किन यांनी उत्तर युरोपच्या जुन्या गाथांतून हेच केलं. मुग्धा कर्णिकांनी त्यांचा ग्रंथ 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणला, बाळ ऊर्ध्वरेषे यांनी हॅरी पॉटर आणला. ही भाषांतरं वाचून तयार झालेला वाचक आज आहे, त्याला हाताशी असलेली सामग्री दाखवायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या राज्यात भोंदूगिरीविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, ज्या राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे मंत्रविद्येची कथा वाढवावी का? मी हा आक्षेप झटकून टाकणार नाही. नाथांच्या मंत्रविद्येच्या, म्हणजे शाबरी विद्येच्या, नावाने आजही लोकांना लुबाडलं जातं. पण कथा कथा म्हणून वाचायला शिकवणं हाच या फसवणुकीवरचा एक उतारा आहे, आणि आपल्या परंपरेने तो कधीच दिलेला आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1830 मध्ये मराठीत आणलेली, नंतर 'चांदोबा'ने लाखो मुलांपर्यंत नेलेली वेताळाची कथा आठवा. विक्रम राजा एका योग्यासाठी प्रेत वाहतो. योग्याला राजाचाच बळी देऊन सिद्धी हवी आहे. वेताळ राजाला सावध करतो: साष्टांग नमस्कार घाल म्हणाला तर म्हण, मी राजा आहे, मला नमस्कार येत नाही, आधी तू करून दाखव. योगी वाकतो आणि राजा त्याचं मस्तक उडवतो. खोट्या गुरूपासून सुटका करून घेण्याची याहून नेमकी गोष्ट मला ठाऊक नाही. चांगदेवाची कथाही याच बाजूची. सिद्धींचा डोलारा घेऊन वाघावर बसून तो आळंदीला येतो, ज्ञानदेव आणि त्यांची भावंडं बसलेली भिंत चालत त्याला सामोरी जाते असं परंपरा सांगते, आणि त्याआधी त्याच्या कोऱ्या पत्राच्या उत्तरात ज्ञानदेवांनी त्याला पासष्ट ओव्या पाठवलेल्या असतात. त्यांत एकही मंत्र नाही.

राजपुत्रांचंच कौतुक कशाला, असंही कुणी विचारेल. पोथीने हा प्रश्न स्वतःच सोडवला आहे. तिचा सर्वश्रेष्ठ विद्यार्थी गोरक्ष उकिरड्यातून निघालेला आहे. अडबंगनाथ हा शेतकरी आहे. मनाला येईल ते करायचं नाही, एवढंच वचन त्याने पाळलं आणि तो सिद्ध झाला. राजपुत्रांना राज्य सोडून जिथे पोचायचं असतं तिथे हे दोघे आधीच उभे आहेत.

पोथीने जे अर्धवट सोडलं आहे ते मैनावतीचं. राजवाड्यातून तिला दिसतं की गवताचा भारा वाहणाऱ्या एका माणसाच्या डोक्याला तो भारा टेकत नाही, अधांतरी चालतो. हजारोंनी ते पाहिलं असेल, थांबून विचार करते ती ही राणी. रात्री दासीला घेऊन ती त्याच्याकडे जाते, तो हाकलतो, दगड मारतो, ती पुन्हा जाते आणि दीक्षा मिळवते. मुलगा अजून राण्यांमध्ये गुंतलेला असताना राजघराण्यातलं हे माणूस विद्या शिकून मोकळं झालेलं आहे, आणि राजवाडाही त्याने सोडलेला नाही. राज्य सोडल्याशिवाय विद्या नाही, हा मी वर मांडलेला नियम तिने मोडलेला दिसतो. ती दिवसा राजमाता आणि रात्री शिष्या कशी राहिली, आपल्याच मुलाने गुरूला पुरलं हे कळल्यावर तिने कोणाची बाजू घ्यायची ठरवलं, याबद्दल मालूच्या ओव्या घाईने पुढे जातात. चांगदेवाने वयाने कितीतरी लहान मुक्ताबाईला, ज्ञानदेवांच्या बहिणीला, गुरू केलं त्या आळंदीच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या लेखिकेने हा धागा उचलला, तर मराठीतली पहिली खरी साधनेची कादंबरी राजपुत्राऐवजी त्याच्या आईची असेल.