एकाच माणसाला ठाऊक असलेलं गुपित

टोळीत शिरलेला पोलीस, त्याची खरी ओळख जाणणारा एकच साहेब आणि बंदरात येऊ घातलेला माल... ‘डॉन’पासून ‘विक्रम’पर्यंत पडद्यावर रंगणारा हा डाव नेमका मांडला जातो कसा? आणि पडद्याबाहेर तो कुठे जाऊन संपतो?

डीएसपी डिसिल्व्हा प्राण सोडतो आणि विजयच्या पायाखालची जमीनच सरकते. ‘डॉन’ (१९७८) पाहिलेला प्रेक्षक हा प्रसंग सहसा विसरत नाही. गंगेकाठचा हा साधाभोळा गडी मेलेल्या डॉनच्या जागी टोळीत जाऊन बसलेला आहे, हे फक्त डिसिल्व्हाला ठाऊक. तोच गेला. आता पोलिसांच्या लेखी विजय हा डॉन आणि टोळीच्या लेखी विश्वासघातकी. दोन्हीकडून बंदुका रोखलेल्या आणि ‘मी तो नव्हेच’ हे सांगायला साक्षीदार नाही!

सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या आणि चंद्रा बारोट यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात तस्करांच्या टोळीत शिरलेल्या माणसाच्या गोष्टीचे सगळे सांधे स्पष्ट दिसतात. पुढे याच सांध्यांवर हिंदी, तामीळ, हाँगकाँग आणि हॉलिवुडच्या कितीतरी चित्रपटांचे इमले उभे राहिले. माल बदलला, शहर बदललं, हत्यारं बदलली. डाव मात्र तोच राहिला.

गरजू माणूस शोधा!

डावाची पहिली चाल म्हणजे माणसाची निवड. हा माणूस सुखवस्तू, निश्चिंत असून चालत नाही. त्याची काहीतरी नड हवी. विजयच्या पदरात दोन पोरकी मुलं आहेत. त्यांच्या शिक्षणाची सोय करण्याचं वचन डिसिल्व्हा देतो, म्हणून तो जिवावर उदार होतो. हाँगकाँगच्या ‘इन्फर्नल अफेअर्स’मध्ये (२००२) पोलीस प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणाला सगळ्यांदेखत हाकलून दिल्याचं नाटक केलं जातं. कारण टोळीवाले विचारणारच, ‘तू आमच्याकडे का आलास?’ या प्रश्नाचं पटेल असं उत्तर तयार ठेवावं लागतं. याच कथेवरून मार्टिन स्कॉर्सेसी यांनी ‘द डिपार्टेड’ (२००६) केला. त्यात नायकाच्या नातेवाइकांचेच गुन्हेगारी जगाशी संबंध आहेत आणि त्याला चक्क तुरुंगाची हवा खाऊन यावं लागतं. या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनासह चार ऑस्कर पटकावले.

दुसरी चाल परीक्षेची. टोळीचा म्होरक्या नव्या माणसावर सहजासहजी विश्वास टाकत नाही. इथे लेखकाची खरी कसोटी लागते. नायकाने गुन्हा केला तर प्रेक्षकांची सहानुभूती जाते, नाही केला तर त्याचं बिंग फुटतं. ‘डॉन’मध्ये यावर झकास तोड काढली आहे. डॉनची स्मृती गेली, असं सांगून विजयला टोळीत पाठवलं जातं. त्यामुळे जुनी माणसं ओळखता आली नाहीत, जुने हिशेब आठवले नाहीत, तरी चालून जातं.

शत्रूच्या घरचं मीठ

तिसरी चाल सगळ्यात अवघड, आणि चांगला चित्रपट इथेच वेगळा ठरतो. ज्यांना पकडायचं, त्यांच्यातलाच एखादा जीव लावू लागतो. ‘डॉनी ब्रास्को’मध्ये (१९९७) अल पचिनोने रंगवलेला लेफ्टी हा माफिया टोळीतला म्हातारा होत चाललेला, कायम मागे पडलेला गुंड. तो नव्या पोराला टोळीच्या रीतीभाती शिकवतो, त्याच्यासाठी शब्द टाकतो. ज्याच्यासाठी शब्द टाकला तो पोलीस निघाला, तर शब्द टाकणाऱ्याचीही खैर नसते. म्हणजे नायक आपलं कर्तव्य चोख बजावणार, तर त्याची पहिली किंमत त्याचा मित्र मोजणार!

ही गोष्ट खरी आहे. जोसेफ पिस्टोन या एफबीआयच्या अधिकाऱ्याने १९७६ ते १९८१ अशी वर्षं न्यूयॉर्कच्या बोनानो टोळीत दागिन्यांचा चोर बनून काढली. त्याच्या साक्षीपुराव्यामुळे शंभरहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. पण या काळात त्याची बायको आणि तीन मुली मात्र घरात बाप नसल्यासारख्याच राहिल्या.

चौथी चाल म्हणजे गुपित जाणणाऱ्याचा मृत्यू. ‘डॉन’मध्ये डिसिल्व्हा जातो, ‘इन्फर्नल अफेअर्स’मध्ये वाँग हा वरिष्ठ अधिकारी. त्याला इमारतीच्या गच्चीवरून खाली फेकलं जातं. पुढे तर नायकाची पोलीस खात्यातली नोंदही संगणकावरून पुसली जाते, आणि ती पुसणारा असतो पोलीस खात्यात टोळीने पेरलेला माणूस. इकडे पोलिसांचा माणूस टोळीत, तिकडे टोळीचा माणूस पोलिसांत. दोघेही एकमेकांना हुडकताहेत आणि दोघांनाही आपण कोण, याचा हळूहळू विसर पडू लागलाय.

डायरी, डिस्क आणि कंटेनर

या सगळ्या धामधुमीला एक खुंटी लागते. दोन्ही पक्षांना हवी असलेली एखादी वस्तू. ‘डॉन’मध्ये लाल डायरी, फरहान अख्तर यांच्या २००६ च्या ‘डॉन’मध्ये तिच्या जागी डिस्क. लोकेश कनगराज यांच्या तामीळ ‘विक्रम’मध्ये (२०२२) गायब झालेले अमली पदार्थांचे कंटेनर. माल कधी पोचणार, कुणाच्या हाती लागणार, यावर गोष्टीचं घड्याळ चालतं. प्रेक्षकाला टोळीचा सगळा कारभार समजला नाही तरी बिघडत नाही. डायरी कुणाच्या हातात आहे, एवढं कळलं की तो खुर्चीच्या कडेला येतो.

शेवटची चाल मुखवटा उतरवण्याची. जुन्या ‘डॉन’मध्ये इंटरपोलचा अधिकारी म्हणून वावरणारा मलिक हाच खरा सूत्रधार वरधान निघतो. नव्या ‘डॉन’ने ही चाल जाणूनबुजून उलटी केली. तिथे डिसिल्व्हा हाच वरधान, आणि आपण ज्याला विजय समजत होतो, तो तर डॉनच! जुना चित्रपट पाठ असलेल्या प्रेक्षकाला चकवण्याचा दुसरा मार्ग उरलाच नव्हता.

लग्नाचं आमंत्रण, हातात बेड्या

वास्तव कधीकधी सिनेमावरही कडी करतं. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यातील रॉबर्ट मेझर यांनी ऐंशीच्या दशकात काळ्या पैशाचा दलाल बनून कोलंबियाच्या मेडेयिन कार्टेलचा पैसा फिरवणाऱ्यांचा विश्वास संपादन केला. हा पैसा बीसीसीआय या आंतरराष्ट्रीय बँकेतून फिरत होता. जगभर विखुरलेल्या या मंडळींना एकाच वेळी पकडायचं कसं? ऑक्टोबर १९८८ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे मेझर यांचं ‘लग्न’ ठरलं. वधूही वेषांतर केलेली अधिकारीच. पाहुणे कौतुकाने आले आणि बेड्या घालून नेले गेले. तीन वर्षांत, १९९१ मध्ये, बँकही बुडाली. यावर २०१६ मध्ये ‘द इन्फिल्ट्रेटर’ हा चित्रपट आला.

पण अटक झाली की सिनेमा संपतो, खटला तिथून सुरू होतो. भारतात अमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) १९८५ मध्ये आला आणि अमली पदार्थ नियंत्रण विभाग, म्हणजे एनसीबी, १९८६ मध्ये स्थापन झाला. हेरॉईन २५० ग्रॅमपेक्षा जास्त सापडलं, तर किमान १० आणि कमाल २० वर्षांची सक्तमजुरी. शिक्षा इतकी कडक म्हणून पुराव्याची पद्धतही काटेकोर. अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा तुम्हाला हक्क आहे’ असं संशयिताला सांगावंच लागतं. ते सांगितलं नाही, तर केवळ त्या झडतीत सापडलेल्या मालाच्या जोरावर शिक्षा टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये स्पष्ट केलं. पडद्यावरचा नायक दार लाथेने उघडतो. खऱ्या अधिकाऱ्याला आधी पंच शोधावे लागतात.

माल लगेच न पकडता तो कुठवर जातो, यावर पाळत ठेवून मोठ्या माशापर्यंत पोचण्याची मुभाही २००१ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. मालाचे आकडे तर चित्रपटालाही लाजवतील असे. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात दोन कंटेनरमधून सुमारे ३,००० किलो हेरॉईन पकडलं गेलं. कागदोपत्री तो अफगाणिस्तानातून आलेला टाल्क दगड होता.

गोष्टीत नसलेलं पात्र

या साऱ्या चित्रपटांत एक पात्र क्वचितच दिसतं. ज्याच्यासाठी हा माल येतो, ते व्यसनी पोर आणि त्याचं घर. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर आली, तेव्हा मराठीत तिला ‘गर्द’ हे नाव रूढ झालं. अनिल अवचट यांनी या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. दागिने, भांडी विकून झाल्यावर मुलाला घेऊन येणारे आईबाप, दिवसचे दिवस खोटं बोलणारा मुलगा, आणि खोटं माहीत असूनही त्यावर विश्वास ठेवणारी आई. दुहेरी आयुष्य इथेही जगलं जातंच, फक्त ते पाहायला तिकीट लागत नाही.

अशा घरांना सगळ्यात मोठी भीती असते ती पोलिसांची. ‘मुलाला उपचाराला नेलं तर त्याला अटक तर होणार नाही ना?’ या धास्तीने कित्येक घरं गप्प बसतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात अमली पदार्थ बाळगल्याचा आरोप असला आणि ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला पुढे आली, तर तिला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अमली पदार्थांच्या विक्रीची खबर द्यायची असेल, तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मानस’ हेल्पलाइनचा क्रमांक १९३३ आहे. दोन्ही क्रमांक घरातल्या फोनजवळ लिहून ठेवण्यासारखे आहेत.