‘पाठवला होता’ म्हणजे दर वेळी ‘हॅड सेंट’ नाही! इंग्रजी क्रियापदांची तीन टिंबं

आजचा विषय आहे इंग्रजी क्रियापदं. लगेच स्किप करू नका, कारण आज 12 काळांचा तक्ता पाठ करायचा नाहीये. तो तक्ता आपण शाळेत केलाय. वर्तमान, भूत, भविष्य आणि प्रत्येकाचे चार-चार प्रकार. मार्कही मिळालेत. तरी इंटरव्ह्यूमध्ये किंवा क्लायंट कॉलवर बोलायला लागलं की गडबड होते ती होतेच.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करते. क्रियापदांच्या चुका दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार म्हणजे नुसत्या कानाला खटकणाऱ्या. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘ही डिडन्ट वेंट’, ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’. व्याकरणाच्या दृष्टीने चूक, पण समोरच्याला अर्थ कळतो. या सावकाश सुधारल्या तरी चालतात.

दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. वाक्य ऐकायला अगदी शुद्ध असतं, पण समोरच्याला भलतीच बातमी मिळते. तो तुम्हाला टोकतही नाही, कारण त्याला चूक दिसलेलीच नसते. आज आपण याच प्रकाराबद्दल बोलू. यातल्या तीन जागा अशा आहेत, की तिथे आपली मराठी अगदी बरोबर असते आणि नेमकी म्हणूनच इंग्रजीत पाय घसरतो.

आधी एक छोटं साधन घेऊ. हान्स रायशेनबाख नावाचे एक तत्त्वज्ञ होते. त्यांनी 1947 सालच्या आपल्या एका पुस्तकात इंग्रजी काळांची फार सोपी मांडणी केली. ते म्हणतात, काळ समजायला तीन टिंबं लागतात. एक, गोष्ट घडली तो क्षण. दोन, आपण बोलतोय तो क्षण. आणि तीन, बोलताना आपण नजर जिथे ठेवलीय तो क्षण. आपण त्यांना घटना, बोलणं आणि नजर म्हणू. शाळेत पहिली दोनच टिंबं शिकवतात. खरी गंमत तिसऱ्यात आहे.

‘आय सेंट द मेल’ म्हटलं की घटना मागे आणि नजरही तिथेच मागे. ‘आय हॅव सेंट द मेल’ म्हटलं की घटना मागे, पण नजर आत्ताच्या क्षणावर. म्हणजे मेल गेलाय, आता तुमच्याकडे असेल, बघा. आणि ‘आय हॅड सेंट द मेल’ म्हटलं की नजर मधल्याच एका क्षणावर, आणि मेल त्याच्याही आधी गेलेला. आता हे घेऊन आपल्या तीन जागा बघू.

पहिली जागा: ‘होता’. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘मी काल तुम्हाला मेल पाठवला होता.’ अगदी नैसर्गिक वाक्य. आपण तेच उचलतो आणि म्हणतो, ‘आय हॅड सेंट यू अ मेल यस्टरडे.’ ऐकणारा थांबून राहतो, कारण ‘हॅड’ ऐकल्यावर त्याला मधला क्षण हवा असतो. मेल पाठवला होता, मग काय झालं? परत घेतला का? मराठीतला ‘होता’ एकटा उभा राहू शकतो, इंग्रजीतल्या ‘हॅड’ला मात्र भूतकाळातला सोबती लागतो. सोबती नसेल तर सरळ म्हणा, ‘आय सेंट यू अ मेल यस्टरडे.’

पण म्हणून ‘हॅड’ टाकूनही देऊ नका. ही दोन वाक्यं ऐका. ‘व्हेन द सर्व्हर क्रॅश्ड, आय टुक अ बॅकअप.’ आणि ‘व्हेन द सर्व्हर क्रॅश्ड, आय हॅड टेकन अ बॅकअप.’ पहिल्यात सर्व्हर आधी पडला, मग बॅकअप घेतला. दुसऱ्यात बॅकअप आधीच घेतलेला होता. एका ‘हॅड’वर डेटा वाचला की नाही, ते ठरतंय!

दुसरी जागा: ‘केलं’ आणि ‘करतोय’. इंटरव्ह्यूत विचारतात, जावाचा अनुभव किती? तुम्ही आजही जावावरच काम करताय. उत्तर देता, ‘आय वर्क्ड ऑन जावा फॉर थ्री इयर्स.’ व्याकरण शंभर टक्के बरोबर. पण नजर मागे गेली. ऐकणाऱ्याच्या डोक्यात बातमी पोचली की तीन वर्षं केलं आणि मग सोडलं. चालू असलेलं काम सांगायचं तर ‘आय हॅव बीन वर्किंग ऑन जावा फॉर थ्री इयर्स.’ खरंच सोडलं असेल, तर ‘वर्क्ड’ अगदी योग्य.

इथे ऐकण्याचीही एक अडचण आहे. ‘आय हॅव वर्क्ड’ घाईत बोललं की ‘आय्व्ह वर्क्ड’ होतं, आणि तो ‘व्ह’ पुढच्या ‘व’मध्ये विरघळून जातो. फोनवर, त्यात नेटवर्क खराब, मग तर ऐकूच येत नाही. म्हणून इंटरव्ह्यूत ‘हॅव’ पूर्ण उच्चारा. आणि जाता जाता, मराठीतला एकच ‘पासून’ इंग्रजीत दोन शब्दांत वाटला जातो. सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’: सिन्स 2021. कालावधी सांगायचा तर ‘फॉर’: फॉर थ्री इयर्स.

याच खात्यातली अजून एक गोष्ट. मराठीत ‘तो रिपोर्ट मी काल वाचलाय’ चालतं. इंग्रजीत ‘आय हॅव रेड इट यस्टरडे’ चालत नाही. का? टिंबं बघा. ‘यस्टरडे’ नजर कालवर नेतो आणि ‘हॅव’ ती आजवर ओढतो. दोघांची रस्सीखेच. म्हणून एकतर ‘आय रेड इट यस्टरडे’, नाहीतर नुसतं ‘आय हॅव रेड इट’.

तुमचा क्लायंट अमेरिकन असेल तर तो ‘हॅव यू ईटन येट?’ऐवजी ‘डिड यू ईट येट?’ म्हणेल. गोंधळू नका. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ या शब्दांसोबत अमेरिकन बोलण्यात साधा भूतकाळ सर्रास चालतो. पण तीन वर्षांच्या अनुभवाचा फरक तिथेही तसाच राहतो.

तिसरी जागा माझी सगळ्यात आवडती: ‘आलोच!’ मित्र फोनवर ‘आलो, आलो’ म्हणतो तेव्हा तो घरात चप्पल शोधत असतो. रूप भूतकाळाचं, अर्थ लगेच घडणाऱ्या गोष्टीचा. ‘निघालोच’, ‘झालंच समजा’, सगळी याच घराण्यातली. मराठी माणूस यात फसत नाही, कारण त्याला हे ‘लवकरच’ म्हणूनच ऐकू येतं.

आता हेच स्टेटस कॉलवर न्या. बग कधी सुटेल? आपल्या डोक्यात असतं ‘झालंच ते’ आणि तोंडातून येतं ‘इट्स डन’. पलीकडचा माणूस ते शब्दशः घेतो आणि आपल्या साहेबांना कळवून टाकतो. इकडे टेस्टिंगही बाकी. तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण त्याच्या दृष्टीने बोललात. विश्वास असा जातो. म्हणून झालेलं नसेल तर क्रियापदानेच ते सांगू द्या. ‘इट्स ऑलमोस्ट डन.’ ‘आय अ‍ॅम टेस्टिंग इट नाऊ.’ ‘आय विल फिनिश इट बाय सिक्स.’ आणि ‘आलोच’साठी ‘आय अ‍ॅम ऑन माय वे’, पण खरंच निघाला असाल तरच! अजून घरातच असाल तर ‘आय अ‍ॅम अबाउट टू लीव्ह’.

थोडक्यात, इंग्रजीत वाक्य बोलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझी नजर कुठे आहे? मागे असेल तर ‘सेंट’. आत्तावर असेल तर ‘हॅव सेंट’. मधल्या क्षणावर असेल तरच ‘हॅड सेंट’.

आता गृहपाठ. फोनमध्ये स्वतःलाच एक व्हॉइस नोट पाठवा आणि तीन वाक्यं इंग्रजीत बोला. एक, मी गेल्या आठवड्यात अर्ज केला होता. दोन, मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतोय किंवा राहतेय. तीन, पाच मिनिटांत निघालेच. बोलून झाल्यावरच पुढचं ऐका.

उत्तरं: ‘आय अप्लाइड लास्ट वीक.’ ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टू इयर्स.’ ‘आय अ‍ॅम लीव्हिंग इन फाइव्ह मिनिट्स.’

तिन्ही जमली? मग तो 12 काळांचा तक्ता परत उघडा. या वेळी तो पाठ करू नका, प्रत्येक चौकटीत नजर कुठे आहे तेवढं शोधा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!